१०९८ ला फोन लावला, त्याचा अनुभव

नाशिकला ११ वर्षं शाळेची व्हॅन चालवतोय. चाइल्डलाइनच्या, म्हणजे संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या, १०९८ वर फोन करायची वेळ यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा आली. जे मुलांची ने-आण करतात, शिकवण्या घेतात, पाळणाघर चालवतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

माझ्या व्हॅनमध्ये दुसरीतला एक मुलगा आहे. भर उन्हात स्वेटर घालून यायचा. काढ म्हटलं की दोन्ही बाह्या मुठीत गच्च धरायचा. दुपारी बाकीची पोरं दार उघडायच्या आत उड्या मारतात, हा दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत बसून राहायचा. "काका, अजून एक चक्कर मारू या ना." एकदा पाण्याची बाटली घेताना बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे चार वळ, एकाला एक लागून. पोरं पडली की गुडघे फुटतात, कोपरं सोलवटतात. दंडाला आतून कसं लागेल? दोन दिवसांनी कानामागेही काळंनिळं दिसलं.

शाळेच्या ऑफिसात सांगितलं. "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडता, गिऱ्हाईक जाईल तुमचं," एवढंच ऐकायला मिळालं. त्यात माझेही आठ दिवस विचारात गेले. ते आठ दिवस तो रोज त्याच घरी उतरत होता, हे अजून मनातून जात नाही.

शेवटी पेट्रोल पंपामागे गाडी लावून फोन केला. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालतो. मला वाटलं पुरावा मागतील. पलीकडच्या बाई मराठीतच बोलल्या. काय पाहिलंत, कधी पाहिलंत, मूल आत्ता कुठे आहे, लगेच जिवाला धोका आहे का? आणि एक गोष्ट बजावून सांगितली: मुलाला खोदून खोदून विचारू नका, घरच्यांना जाब विचारायला जाऊ नका. मी नेमका तेच करणार होतो. त्यानं त्या पोरालाच जास्त मार बसला असता.

ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. २०२३ पासून सरकारच चालवतं, ११२ या आणीबाणीच्या नंबरशीही जोडलीय. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं त्या घरी गेली. प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, गेलं. माझं नाव कुठेही फुटलं नाही. पुढे काय झालं ते मलाही कुणी सांगितलं नाही. आधी राग आला, पण मुलाची माहिती अशी कुणालाही देत नाहीत, ते बरोबरच आहे.

"पोराला उचलून संस्थेत टाकतील" या भीतीनं लोक फोन करत नाहीत. इथे तसं झालं नाही.

घरच्यांनीच मारलं तरी ती घरगुती बाब नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ७५ मध्ये, सांभाळणाऱ्यानं केलेल्या क्रूरतेलाही शिक्षा आहे. लैंगिक अत्याचाराचं असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. तिथे माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

फोनआधी पत्ता, इयत्ता आणि मूल घरी किती वाजता असतं एवढं कागदावर लिहून ठेवा. बोलताना माझा आवाज कापत होता, कागदामुळे सगळं सांगता आलं.

जूनपासून त्याचा स्टॉप बदलला. आता आजीच्या दारातून चढतो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून.