पिस्टन उलटा करून बघा: माझ्या एलएस-व्हीटेकची फसवणूक

पिस्टन उलटा करून आतून बघायला पाच सेकंद लागतात. मी तो बघितला ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडरची भोकं कापून मोठी करून आणल्यावर. काय घडलं ते सगळं लिहितोय, म्हणजे निदान तुमचा ब्लॉक तरी वाचेल.

आधी इंजिनाबद्दल थोडं. माझं इंजिन हायब्रिड, म्हणजे दोन इंजिनं जोडून केलेलं; बॅटरी-मोटरवालं नव्हे. होंडाच्या बी सिरीजमधला बी18बी चा ब्लॉक घ्यायचा आणि त्यावर बी16ए चं व्हीटेक हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) चढवायचं, हा जुना उद्योग. व्हीटेक म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. लोक त्याला एलएस-व्हीटेक म्हणतात. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 81 मिमी, म्हणून लग्न जमतं. व्हीटेकला तेल पोचवायची वाट या ब्लॉकमध्ये नसते, ती बाहेरून पाइप टाकून करावी लागते. त्यात अवघड काही नाही. खरी अडचण खाली आहे. बी16 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 77.4 मिमी, याचा 89. हेडला जास्त आरपीएमला पळायचंय आणि खालचं सामान त्यासाठी बनलेलंच नाही. साधारण 6800 आरपीएमला थांबणारा ब्लॉक 8000 ला न्यायचा म्हटलं की पिस्टन-रॉडच्या वजनाचा ओढा आरपीएमच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे जवळजवळ 38 टक्के. सगळ्यात आधी जीव जातो तो रॉड बोल्टांचा; रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.

माझी गाडी रोजची. सकाळी थंड इंजिन सुरू करायचं, ट्रॅफिकमध्ये रांगायचं आणि कधीतरी मोकळा रस्ता मिळाला तर व्हीटेक ऐकायचं, एवढीच हौस. म्हणून पिस्टन, रॉड, बोल्ट आणि बेअरिंग असा पूर्ण संच देणारा एक विक्रेता सापडला तेव्हा बरं वाटलं. त्यातून तो फोनवर जे बोलला ते ऐकून मी पुरता विरघळलो.

मी ॲल्युमिनियमच्या 2618 मिश्रधातूचे फोर्ज्ड (ओतलेले नव्हे, दाबून घडवलेले) पिस्टन मागत होतो, कारण रेसवाले तेच वापरतात. त्यानेच मला थांबवलं. म्हणाला, "सर, 2618 मध्ये सिलिकॉन नावालाच असतं. तापलं की ते जास्त फुगतं, म्हणून बोअरमध्ये जास्त फट ठेवावी लागते. रोज सकाळी इंजिन गरम होईपर्यंत पिस्टन खडखडणार. तुम्हाला 4032 पाहिजे, त्यात सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास असतं." कॉम्प्रेशनही फार वाढवू नका, साध्या पेट्रोलवर नॉक होईल (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतील), असं त्यानेच बजावलं.

यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी नंतर पडताळून पाहिलं. महाग वस्तू घेऊ नका म्हणणारा माणूस स्वस्त वस्तू तरी खरी देईल, असं मी गृहीत धरलं. ज्ञान खरं होतं, माल खोटा होता. ठकसेन म्हणजे काहीतरी फेकाफेक करणारा माणूस, अशी माझी समजूत होती. तुमचीही तीच असेल तर जपून राहा.

दुसरी गोष्ट तर मला आधीच खटकायला हवी होती. कारखान्यातून निघालेल्या इंजिनाला ठरलेला पार्ट नंबर असतो, त्याच्याशी माल ताडून बघता येतो. दोन इंजिनं जोडून केलेल्या इंजिनाला तसा एकच कॅटलॉग नाही. "या जोडणीसाठी खास मॅच केलेला संच" म्हटलं की तो ताडायचा कशाशी? त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

पार्सल आलं. नामांकित कंपनीचा खोका, फोमच्या खाचांत बसवलेले पिस्टन, चारही पिस्टनचं वजन सारखं असल्याचं छापील कार्ड. मी फोटो काढले, मित्रांना पाठवले. काटा घरातच होता, तरी वजन केलं नाही. छापलंय ना!

ज्यांच्याकडे मशीनचं काम करतो ते काका पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करत नाहीत, आणि त्यांचंच बरोबर आहे. माप प्रत्यक्ष पिस्टनवरून घ्यायचं असतं, खोक्यावरच्या आकड्यावरून नव्हे. पण मला घाई. मी हट्ट धरला, लेबलवरचं 81.5 मिमी माप फोनवर सांगितलं. त्यांनी कुरकुर केली आणि केलं.

मग मी सामान घेऊन गेलो. रॉडच्या मोठ्या भोकाची गोलाई तपासायची तर बोल्ट पुऱ्या टॉर्कला कसावे लागतात. काका कसण्याआधी प्रत्येक बोल्टची लांबी मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवतात आणि सोडल्यावर पुन्हा मोजतात. चांगला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणतो आणि मूळ लांबीवर परत येतो. 0.025 मिमी जरी कायमचा लांबला तरी तो बाद. आठांपैकी दोन 0.08 ने लांबले होते, तेही पहिल्यांदाच कसल्यावर.

काका काही बोलले नाहीत. एक पिस्टन उचलला, उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "हे फोर्ज्ड म्हणून घेतलंस तू?"

फोर्जिंगमध्ये आतला ठसा एकसंध असतो आणि तो सरळ वर निघावा लागतो. म्हणून आत आडवी खोबण येऊच शकत नाही. माझ्या पिस्टनमध्ये पिनच्या बॉसमागे (रॉडची पिन बसते त्या जाड भागामागे) छान कोरलेला पोकळ कप्पा होता आणि साच्याचे तुकडे जुळल्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. सरळसरळ ओतीव माल. काट्यावर ठेवले तर सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात 7 ग्रॅमचा फरक. मग विक्रेत्याने पाठवलेले जुने फोटो काढून बघितले. एकूण एक फोटो पिस्टनच्या डोक्याकडून काढलेला.

फोन केला. आवाज तोच, तितकाच गोड. "सर, बोल्ट एकदा कसला की माल परत घेत नाही, पावतीवर लिहिलंय." लिहिलं होतं खरं. कसल्याशिवाय बोल्ट खोटा आहे हे कळत नाही, आणि कसला की परतीचा हक्क गेला! नवीन बोल्ट फुकट पाठवतो म्हणाला. मी पिस्टनच्या आतल्या बाजूचे फोटो पाठवून खुलासा मागितला. ते त्याने पाहिले. त्यावर उत्तर आलेलं नाही. पैसे भरताना वापरलेल्या सेवेकडे फोटो, मापं आणि त्याचे संदेश जोडून तक्रार केली आहे. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मात्र मागितला आणि तो माझ्याकडे नाही.

पैशांचं काय व्हायचं ते होईल, पण ब्लॉकमधला कापून काढलेला धातू परत येणार नाही. आता मला 81.5 मिमीचेच पिस्टन शोधावे लागताहेत, पर्याय निम्म्यावर आले. या वेळी तीन विक्रेत्यांना एकच विनंती केली: चारही पिस्टन उलटे ठेवून फोटो आणि प्रत्येकाचा काट्यावरचा फोटो. दोघांनी बोलणंच बंद केलं. तिसऱ्याने "कशाला?" असं विचारलं, कारण सांगितल्यावर हसला आणि तासाभरात आठ फोटो पाठवले. ते मी काकांना दाखवलेत. पिस्टन हातात आल्याशिवाय होनिंगला (सिलिंडर आतून घासून शेवटचं माप आणायला) हात लावणार नाही, असं त्यांनी या वेळी आधीच बजावलंय.