पोटावरची गाठ: जुनी किमो, नवं इंजेक्शन की फक्त शेक?

मूत्राशयाचा कॅन्सर त्वचेवर फार क्वचित उतरतो. म्हणूनच ठाण्याच्या कोपरीत राहणाऱ्या काकांच्या बेंबीखाली लालसर गाठी आल्या, तेव्हा पहिल्या डॉक्टरांना ती नागीण वाटली. तीन आठवडे गोळ्या-मलमात गेले. मूत्राशयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगावर नवी कडक गाठ दिसली तर आधी पंच बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करा. जागेवरच भूल देतात, एखादा टाका पडतो. गाटा-३ सारख्या मार्करवरून (पेशीतल्या खुणेवरून) गाठीचं मूळ कुठलं याचा अंदाज येतो.

निदान पक्कं झालं की खरी ओढाताण सुरू होते.

जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही किमोची जुनी वाट, खर्चाला त्यातल्या त्यात झेपणारी. पण सिस्प्लॅटिनला किडनी धड लागते, आणि या आजारात लघवीचा मार्ग अडून नेमकी तीच थकलेली असते. मग कार्बोप्लॅटिन देतात; त्याचा जोर कमी.

नवी जोडी एनफोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या इंजेक्शनांची. तिच्या मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण 31.5 महिन्यांपेक्षा जास्त जगले. किमोच्या गटात हाच आकडा 16.1. आकडा मोहात पाडतो, पण तो पसरलेल्या आजाराच्या सगळ्या रुग्णांचा आहे. त्वचेवर गाठी आलेल्यांच्या जुन्या नोंदींत बहुतेकांना वर्षही मिळालेलं नाही. शिवाय खर्च लाखांत. एनफोर्टुमॅब ज्या नेक्टिन-4 प्रथिनावर नेम धरतं ते निरोगी त्वचेतही असतं, त्यामुळे अंगावर पुरळ उठतं. म्हणजे गाठी बघायच्या की पुरळ! हातापायांना मुंग्या येतात, साखर चढते. काकांना मधुमेह, तळपाय आधीच बधिर. आमच्यासाठी हीच मोठी अडचण.

फेऱ्यांच्या हिशेबात मात्र दोन्ही जवळपास सारख्या: 21 दिवसांत पहिल्या आणि आठव्या दिवशी. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर, तिथून रिक्षाने टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक. गर्दीच्या वेळेची गाडी टाळा.

शेक म्हणजे रेडिएशन. दुखणाऱ्या, रक्त येणाऱ्या गाठीला त्याने आराम पडतो, कधी एकाच बैठकीत. बाकी अंगातल्या आजाराला तो हात लावत नाही. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा; घरात बसणाऱ्यांना त्याचं मोल कळतं.

किडनी चांगली आणि माणूस हिंडता-फिरता असेल, तर पैशांअभावी जुनी किमो घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. अंथरुणाला खिळलेल्याला मात्र मी ना किमो सुचवेन, ना नवी जोडी. काकांनी शेक घेतला, आणि पुढच्या गुरुवारी कार्बोप्लॅटिनची पहिली तारीख.