फ्लॉस, इंटरडेंटल ब्रश की वॉटर फ्लॉसर? हिरड्यांतून रक्त येत असेल तर काय निवडावं

दिवसातून दोनदा दात घासूनही हिरड्यांतून रक्त येतं, याचं कारण बहुतेक वेळा दोन दातांच्या मधल्या फटींत असतं. टूथब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत, आणि हिरड्यांचा आजार अनेकदा तिथूनच सुरू होतो; त्यातही दाढांच्या मधून. या फटींसाठी तीन साधनं आहेत: फ्लॉस म्हणजे बारीक धागा, इंटरडेंटल ब्रश म्हणजे तारेवर केस बसवलेला छोटा ब्रश आणि वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याची धार मारणारं यंत्र. तिन्ही रोज वापरणं कुणालाच जमत नाही, म्हणून निवड करावी लागते.

त्याआधी एक अट. दातांवर किटण चढलेलं असेल तर ते यांतल्या एकाही साधनानं निघत नाही. आधी डेंटिस्टकडून स्केलिंग, म्हणजे किटण काढून घेणं, करून घ्या, मग साधन निवडा. नाहीतर खरखरीत किटणावर रोज नवा थर बसत राहतो आणि दोष साधनाला जातो.

हिरड्या फक्त सुजल्या असतील, हाड अजून झिजलेलं नसेल, तर सगळं पूर्ववत होऊ शकतं. 1965 साली हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या लोकांनी दात साफ करणं पूर्ण थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत बऱ्या झाल्या. पण डेंटिस्टनं सळईनं मोजल्यावर हिरडी आणि दात यांच्या मधल्या कप्प्याची खोली 4 मिमी किंवा जास्त भरत असेल आणि एक्स-रेत हाड खाली गेलेलं दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. घरचं कुठलंही साधन हिरडीखाली दोन-तीन मिमीच्या पुढे नीट पोचत नाही. तिथे रूट प्लेनिंग (हिरडीखाली दाताचं मूळ साफ करणं) आणि त्यानंतर ठरावीक अंतरानं तपासणी लागतेच. घरची सफाई त्या उपचाराला टिकवून धरते. त्याची जागा घेत नाही.

फ्लॉस

नीट वापरला तर फ्लॉस चांगलं काम देतो. साधारण 45 सेंमी धागा घ्यायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि मध्ये तीन-चार सेंमीच मोकळा ठेवायचा. दात एकमेकांना टेकतात तिथून तो पुढे-मागे हलवत हळू आत सोडायचा. जोरानं खाली दाबला तर हिरडीच्या टोकाला चीर पडते. आत गेल्यावर एका दाताला वळसा घालून हिरडीच्या कडेखाली अलगद न्यायचा, चार-पाच वेळा वर-खाली घासायचा, मग त्याच फटीत शेजारच्या दातावर तसंच करायचं.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. धागा आत जातो, बाहेर येतो, अडकलेला कण निघतो आणि काम झालं असं वाटतं. पण प्लाक हा चिकट थर आहे, घासल्याशिवाय तो सुटत नाही.

माझं पारडं इंटरडेंटल ब्रशकडे झुकलं ते मात्र फ्लॉसच्या दुसऱ्याच अडचणीमुळे. शेवटच्या दोन दाढांच्या मध्ये धागा न्यायचा तर एक बोट जिभेच्या बाजूला आणि दुसरं गालाच्या बाजूला, इतकं आत घालावं लागतं. गाल ताणला जातो, बोटं लाळेनं ओली होतात, धागा निसटतो, पुन्हा गुंडाळावा लागतो. आरशात धड काही दिसतही नाही. पुढच्या दातांचं काम पटकन होतं म्हणून ते रोज होतं, आणि दाढा उद्यावर ढकलल्या जातात. ज्या जागेला सफाईची सगळ्यात जास्त गरज, तिथेच हे साधन सगळ्यात जास्त अडतं. दांडीवर ताणून बसवलेला फ्लॉस घेतला तर हात बाहेर राहतात खरे, पण तो ताणलेला धागा दाताला वळसा घालायला तयार नसतो. सराव असलेल्यांना ही अडचण वाटणारही नाही. माझ्या मते तरी रोजची सवय मोडते ती याच ठिकाणी.

एक गोष्ट मात्र फ्लॉसच चांगली सांगतो: धागा एकाच फटीत पुन्हापुन्हा फाटत असेल तर तिथे फिलिंगची कडा बाहेर आलेली असते, किटण असतं किंवा कीड लागलेली असते. ती जागा लक्षात ठेवून दाखवून घ्या.

इंटरडेंटल ब्रश

हा एका हातानं चालतो. दाढेसाठी लांब दांडीचा, वळलेल्या टोकाचा घ्यायचा आणि तोंड वासण्याऐवजी अर्धं मिटायचं. गाल सैल पडतो आणि ब्रशला जागा मिळते; तोंड पूर्ण उघडलं की गाल दाढांवर घट्ट बसतो आणि तार वाकडी होऊन शिरते. हिरडीच्या कडेला टेकवून सरळ आत, सरळ बाहेर, असं तीन-चार वेळा करायचं. आत असताना पिळायचा नाही. तार दांडीजवळ मोडते ती पिळल्यामुळे, तिरकी ढकलल्यामुळे किंवा माप मोठं घेतल्यामुळे. टूथपेस्ट लावू नका, नुसतं पाणी पुरे.

सगळं मापावर अवलंबून आहे. पाकिटावरचे आकडे सहसा 0 ते 8 असतात, 0 सगळ्यात बारीक. रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. केस दोन्ही दातांना टेकून हलका अडथळा जाणवला पाहिजे, पण तार दाताला घासता कामा नये. सहज सरकला तर साफ काहीच होत नाही. एका तोंडाला बहुधा दोन मापं लागतात, कधी तीन. पहिल्यांदा डेंटिस्टकडून मापं ठरवून घेतलेली बरी.

हिरडी थोडी खाली गेलेली असेल तर ब्रशचा फायदा आणखी वाढतो. वरच्या पहिल्या उपदाढेच्या मुळाला पुढच्या बाजूनं आत गेलेली खाच असते. फ्लॉस त्या खाचेवरून ताणलेला राहतो, तळाला टेकत नाही; ब्रशचे केस आत शिरतात. 2015 साली युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानंही जागा असेल तिथे इंटरडेंटल ब्रशलाच पहिली पसंती दिली. 2019 च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) कलही थोडाफार तिकडेच आहे, पण पुरावा फार भक्कम नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय, म्हणून मीही ‘फ्लॉस टाकून द्या’ असं म्हणणार नाही.

पुढचे दात घट्ट असतील आणि मधलं हिरडीचं टोक शाबूत असेल तर तिथे ब्रश कोंबू नका. ते टोक दबतं, दुखावतं. त्या फटींसाठी फ्लॉसच योग्य. उलट इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) खरखरीत असेल तर फ्लॉसचे तंतू तुटून हिरडीखाली अडकतात आणि सूज येते. तिथे तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला ब्रश बरा.

वॉटर फ्लॉसर

ब्रेसेस, लांबलचक ब्रिज किंवा बोटांत ताकद नसणं, यांपैकी काही असेल तर हा विचारात घ्या. रक्त येणं यानं कमी होतं, सैल कण निघतात. पण चिकटलेला थर घासून काढण्याचं काम धारेवर पूर्णपणे सोपवावं असं मला वाटत नाही. घेतलाच तर कोमट पाणी, सुरुवातीला सगळ्यात कमी दाब, टोक हिरडीच्या कडेशी काटकोनात, आणि बेसिनवर वाकून ओठ अर्धवट मिटलेले. वापरानंतर टाकी रिकामी करून वाळवायची. साचलेल्या पाण्यात जंतूंचा थर तयार होतो.

सुरुवात केल्यावर

पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल. घाबरून थांबू नका. सूज आहे म्हणून रक्त येतंय आणि थर निघाल्याशिवाय सूज उतरत नाही. दोन आठवडे रोज करूनही एखाद्या फटीतून रक्त येत राहिलं तर तिथे खाली किटण किंवा खोल कप्पा असू शकतो, दाखवा. सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानानं रक्त येण्याची खूण दबते आणि आजार आत वाढत राहतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाही हिरड्यांच्या उपचाराचाच भाग आहे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा डेंटिस्टनं सांगितल्या तेवढेच दिवस घ्या, एरवी दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. ती चूळ आणि टूथपेस्ट यांत अर्ध्या तासाचं अंतर असू द्या.

ब्रश घेणार असाल तर पहिल्या खेपेला एकाच मापाचं मोठं पाकीट घेऊ नका. सूज उतरली की हिरडी आकसते, फट मोकळी होते आणि सुरुवातीला घट्ट बसणारा ब्रश काही आठवड्यांत सैल पडतो. तेव्हा बहुधा एक माप वरचं लागतं.