विश्रामबागचं सोफा वर्कशॉप: काम चोख, पण ‘एफआर’ फोम घेऊ नका

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या या वर्कशॉपच्या कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. सैल झालेल्या इलॅस्टिक पट्ट्या काढून नव्या ताणून बसवतात. फ्रेमचे सांधे नुसते खिळे ठोकून न भागवता गोंद लावून स्क्रूने आवळतात. बैठकीच्या खोळीला मागून चेन देतात, ती आवर्जून करून घ्या. पुढे कधीही आतला फोम काढून बघता येतो.

हरकत आहे ती फोम सुचवताना. घरात लहान मुलं आहेत म्हटलं की ‘एफआर’ फोम गळ्यात मारतात, जादा दराने. मुलांच्या घरासाठी हा सल्ला नेमका उलटा आहे.

एफआर म्हणजे आग रोखणारी रसायनं घातलेला फोम. तो पेटतोच, फक्त पेटायला जरा उशीर लागतो. शिवाय सोफ्यात आधी पेटतं ते कापड, आणि कापडाच्या ज्वाळेपुढे आतल्या रसायनाचा फारसा टिकाव लागत नाही. कॅलिफोर्नियात 1975 पासून उघड्या फोमला 12 सेकंद ज्योत लावून चाचणी घेत, म्हणून कंपन्या फोममध्ये ही रसायनं घालत राहिल्या. 2013 मध्ये नियम बदलला, जळत्या सिगारेटची चाचणी आली आणि रसायनांशिवाय पास होता येऊ लागलं. 2020 पासून तिथे नव्या सोफ्यात ती 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 1000 भागांच्या) वर घालायलाच बंदी आहे.

ही रसायनं फोमला पक्की चिकटलेली नसतात. हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत मिसळतात, आणि रांगणारं बाळ त्याच धुळीची बोटं तोंडात घालतं. पेंटा-बीडीई हे त्यातलं जुनं रसायन थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं. गरोदरपणात ते आईच्या शरीरात जास्त असेल तर मुलांच्या बुद्धीवर आणि एकाग्रतेवर परिणाम दिसतो. 2009 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने त्यावर बंदी आणली. त्याच्या जागी वापरलेलं क्लोरिनेटेड ट्रिस 2011 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कर्करोगकारक यादीत गेलं. वासावरून मात्र काही ठरवू नका. नव्या सोफ्याला येणारा उग्र वास बहुतेक चिकटवायच्या सोल्यूशनचा असतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो.

तेव्हा साधा, नवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम मागा: बैठकीला 40 डेन्सिटी (म्हणजे घनमीटरला 40 किलो), पाठीला 28 किंवा 32. बिलावर ‘एफआर नाही, रिबॉन्डेड नाही’ असं लिहून घ्या, कारण सोफ्याच्या हातांच्या आत इथे रंगीबेरंगी ठिपक्यांचा रिबॉन्डेड भरतात. तो जुन्या फोमचा चुरा दाबून बनवतात आणि चुरा कुठल्या मालाचा हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काट्यावरही बघा: 24 बाय 24 इंच, 4 इंच जाडीचा 40 डेन्सिटीचा तुकडा साधारण दीड किलो भरतो, 32 चा बाराशे ग्रॅम. वजन बरोबर असूनही बोटाने चुरडल्यावर पांढरी भुकटी पडली, तर वजन वाढवायला खडूची पूड घातली आहे; असा फोम लवकर बसतो.

दुसरी मोठी त्रुटी जुनं सामान उसवण्याची. कारागीर हॉलमध्येच खोळ फाडतात आणि पिवळा पडून भुगा झालेला फोम घरभर उडतो. सोफा वर्कशॉपलाच न्यायला सांगा, टेम्पोचं भाडं गेलं तरी चालेल. घरीच करावं लागलं तर गरोदर बाई आणि मुलं दुसरीकडे, पंखा बंद, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसणं. पुराच्या पाण्यात भिजलेला फोम वाळवून परत भरू देऊ नका.

उरलेला फोम ‘बंबाला होईल’ म्हणून ठेवून देतात, तो अजिबात ठेवू नका. पीयू फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो. फोममध्ये ब्रोमिनची रसायनं असतील तर डायॉक्सिनसारखी विषंही तयार होतात. पोत्यात बांधून वर्कशॉपलाच परत न्यायला लावा, आणि ते बोलणं आगाऊ रक्कम देण्याआधी करा.