ज्योतीचं बियाणं: दाणा जाड, म्हणून पिशवीही जास्त लागते

उकड्या तांदळासाठी भात लावायचं आणि गोव्यातलं तुमचं शेत मोरड (उंचावरच्या) किंवा खेर (मध्यम उंचीच्या, रेताड) जमिनीत असेल, तर ज्योती या जातीला अजून तोड नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतात, मात्र घेऊ नका. मानशीतून (बांधाच्या झडपेतून) खारं पाणी आत आलं की रोपं पहिल्या पंधरवड्यातच करपतात, आणि त्यातून वाचली तरी फुलोऱ्यात पळिंज होतात, म्हणजे दाणे पोकळ राहतात. तिथे खारं पाणी सोसणारी कोरगुट ही गावठी जात किंवा कोरगुटमधूनच निवडलेलं गोवा धान 1 लावावं.

ज्योती केरळातल्या पट्टांबी केंद्राची, 1974 सालची जात. पीटीबी 10 आणि आयआर 8 या भाताच्या जातींचा हा संकर. आयआर 8 कडून बुटकं खोड आलं, पीटीबी 10 कडून लवकर पिकण्याचा गुण. 110 ते 125 दिवसांत भात कापणीला येतं. तांबडा, लांब, जाड दाणा उकडताना फुटत नाही आणि पेजेत विरघळून जात नाही. करपा आणि तपकिरी तुडतुड्यांपुढे ती बऱ्यापैकी टिकते, पण पर्णकोष करप्यापुढे (खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणावरच्या रोगापुढे) नाही. दाट लावून वर युरियाचा मारा केला तर बुंध्याला डाग पडणारच.

दुकानात हातावर दाणे घेऊन "बघा केवढा जाड" असं सांगितलं जातं. जाडी म्हणजे उत्पन्न नव्हे. उत्पन्न म्हणजे चौरस मीटरमधल्या लोंब्या, गुणिले लोंबीतले भरलेले दाणे, गुणिले दाण्याचं वजन. एक वाढलं की बहुधा दुसरं घटतं. जीडब्ल्यू 2 हे जनुक दाण्याच्या रुंदीला लगाम घालतं. 2007 साली चिनी शास्त्रज्ञांनी ते शोधलं, तेव्हा ते निकामी असलेल्या भातात दाण्याचं वजन जवळजवळ निम्म्याने वाढलं होतं, पण लोंबीतले दाणे सुमारे 30 टक्के घटले. झाडामागे उत्पन्नातली वाढ उरली पाचव्या हिश्शाएवढी. जीएस 3 हे जनुक तसाच लगाम लांबीला घालतं. आणि दाणा वाढतो तो तुसाएवढाच. तुसाचं माप फुलोऱ्याआधीच ठरलेलं असतं, त्यामुळे "दाणा फुगावा" म्हणून लोंबी आल्यावर टाकलेलं खत दाणा मोठा करत नाही.

जाड दाण्याचा खर्च पिशवीत दिसतो. हजार दाणे मोजून वजन करा. ते 28 ग्रॅम भरले तर किलोत साधारण 35,700 दाणे बसतात; 20 ग्रॅमच्या बारीक जातीत 50,000. 20 बाय 15 सेंटिमीटरवर एकेका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) तीन रोपं धरली की हेक्टरी दहा लाख रोपं लागतात. म्हणजे जाड दाण्याचं 28 किलो. 80 टक्के उगवण धरली तर 35, आणि तरव्यातली (लावणीआधीच्या रोपांतली) मर, पाखरं वगैरे धरून त्याहून थोडं जास्तच. बारीक भाताच्या अंदाजाने ज्योती आणली की लावणीला हमखास तरवा कमी पडतो.

प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. त्यावर उगवण किमान 80 टक्के, शुद्धता 98 टक्के आणि तपासणीची तारीख बघा. त्या तारखेपासून मुदत नऊ महिने. टॅग ठीक असला तरी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बी त्यात सोडा आणि चांगलं ढवळा. न ढवळता तरंगलेलं बी काढू नका, बुडबुडे चिकटल्याने चांगलं बीही वर येतं. वरचं पोकळ बी काढून टाका, बुडालेलं दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर उगवण बसते, आणि शिव्या मात्र बियाण्याला बसतात.

ज्योतीचा खरा दोष वेगळाच आहे. तांबड्या दाण्याचा जंगली भात मिसळलेला कळत नाही. जयासारख्या पांढऱ्या भातात एक तांबडा दाणा सोलल्याबरोबर डोळ्यात भरतो. ज्योती स्वतःच तांबडी, त्यामुळे भेसळ रंगात लपते. म्हणून फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत शेतात फिरत राहा: ज्योतीहून उंच, कुसळं असलेली, हात लावताच दाणे झडणारी झाडं मुळासकट उपटा. ते जमलं तर घरचं बी तीन वर्षं बिनधास्त वापरा. भात स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारा) असल्याने जात सहसा बिघडत नाही, बिघडते ती भेसळीने.

सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी परतीच्या पावसात सापडते, तेव्हा बांधावर रचून ठेवलेल्या लोंब्यांनाच मोड फुटतात. 85 टक्के दाणे पिवळे झाले की उघडीप बघून कापा. हिरवी देठं सुकायची वाट पाहू नका.

मे 2025 मध्ये जाहीर झालेल्या जनुक-संपादित "कमला" भाताची चौकशी हल्ली होते. त्यात दाण्याचा आकार नव्हे, तर लोंबीतली दाण्यांची संख्या वाढवणारा बदल केलेला आहे, आणि मूळ जात सांबा मसुरी, म्हणजे बारीक पांढरा तांदूळ. उकड्याची पेज खाणाऱ्या घरात तो ज्योतीची जागा घेईल असं वाटत नाही.