एचओ इंजिनाचा आवाज: पोटात बसवावा की टेबलाखाली?

डब्ल्यूडीएम-3ए या भारतीय डिझेल इंजिनाचं एचओ, म्हणजे 1:87 मापाचं, मॉडेल रुळांवर धावू लागतं आणि आवाज येतो शिलाई मशीनचा. पुणे किंवा कल्याण शेडच्या अल्को डिझेल इंजिनांची ढग-ढग ऐकत मोठं झालेल्याला हे फार दिवस सोसवत नाही. मग दोन वाटा उरतात. साउंड डिकोडर (हुकूम घेऊन मोटर आणि आवाज चालवणारी छोटी सर्किट पट्टी) आणि स्पीकर इंजिनातच बसवायचा, नाहीतर दोन्ही टेबलाखाली टाकायचे. मी दोन्ही करून पाहिलंय. (तुमच्याकडे डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत, आहे असं धरतो. साध्या डीसीवर बराचसा व्होल्टेज आवाज सुरू होण्यातच जातो, आणि हॉर्न हवा तेव्हा वाजवता येत नाही.)

इंजिनात बसवण्याचा फायदा उघड आहे: आवाज गाडीबरोबर फिरतो. अडचण जागेची. 1:87 च्या बॉडीत मोटर, वजनाचा ठोकळा आणि डिकोडर बसला की उरतो तो 11 बाय 15 मिमीच्या शुगरक्यूब स्पीकरपुरता कोपरा. हा स्पीकर उघडा वाजवून बघा, कानाशी डास गुणगुणल्यासारखं वाटेल. त्याच्या मागे प्लास्टिकची छोटी डबी बसवा, सांधे हवाबंद करा, आणि तोच स्पीकर एकदम भरदार वाजतो. महाग डिकोडर घेऊन ही डबी टाळणारे बरेच भेटतात. मीही त्यातलाच होतो. दुसरी कटकट म्हणजे रुळांवरचा मळ. क्षणभर करंट तुटला की आवाज कापला जातो आणि चालत्या गाडीचं इंजिन नव्याने स्टार्ट होताना ऐकू येतं. कीप-अलाइव्ह कपॅसिटर लावला की हे थांबतं, पण त्यालाही जागा लागतेच.

टेबलाखाली मात्र चार इंची स्पीकरही चालतो, आणि अल्कोची आयडलवरची ती छातीत जाणवणारी घरघर फक्त इथेच मिळते. युक्ती सोपी आहे: खालच्या डिकोडरला इंजिनाचाच पत्ता (डीसीसी क्रमांक) द्यायचा, म्हणजे थ्रॉटलचा हुकूम दोघांना एकदमच पोचतो. फक्त मोटरच्या जागी रेझिस्टर जोडा, नाहीतर सीव्ही (डिकोडरच्या सेटिंग्ज) वाचता येत नाहीत. खालच्या पट्टीतला आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, त्यामुळे घरघर खपून जाते. हॉर्न मात्र चुगली करतो: गाडी खोलीच्या पलीकडच्या बोगद्यात आणि भोंगा तुमच्या गुडघ्यापाशी. सहा फुटांच्या फळीवर हे चालेल, खोलीभर पसरलेल्या लेआउटवर नाही.

वाफेचं इंजिन असेल तर टेबलाखालचा विचारच सोडा. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेरीला चार फुसकारे पडतात, आणि ते चुकले की डोळ्याला लगेच कळतं. एन स्केलमध्ये (एचओहून लहान माप) उलट: पोटात जागा फारच कमी, तेव्हा टेबलच बरं.

आता डिकोडर कुठला? डब्ल्यूडीएम-3एसाठी भारतीय साउंड फाइलच हवी असं काही नाही. आत 16 सिलिंडरचं अल्को 251 आहे, आणि ते अमेरिकन इंजिनांतही होतं. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-4 असेल तर ईएमडी 710 इंजिनाची फाइल शोधा. साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी2 डिकोडरमध्ये आवाज आधीच भरलेले असतात, तुम्ही यादीतून निवडायचे. लोकसाउंड 5 डिकोडरमध्ये पूर्ण फाइल बदलता येते, आपल्याकडचा हॉर्न रेकॉर्ड करून घालता येतो. त्यासाठी लोकप्रोग्रामर (संगणकावरून फाइल भरण्याचं उपकरण) वेगळा घ्यावा लागतो. एका इंजिनासाठी तो खर्च करू नका, हवी ती फाइल भरून देणारा विक्रेता शोधा.

माझं मत विचाराल तर एचओ डिझेलला आवाज पोटातच, लोकसाउंड आणि डबीसकट. पण सगळ्या ताफ्याला नको, एका रेकला एकच आवाजाचं इंजिन पुरतं. आणि बसवल्याबरोबर सीव्ही 63 मध्ये जाऊन व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. कंपनीकडून तो एवढा चढवून येतो की यार्डात तीन इंजिनं आयडलवर उभी राहिली की घरचे दार लावून घेतात.