ब्रायटनची छत्री: चढ चढून जावं अशी जागा

ठिकाण इंग्लंडातल्या ब्रायटनजवळ, पॅचमच्या टेकाडावर. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची ही छत्री, म्हणजे स्मारक. तिकीट नाही, रखवालदार नाही, चहाची टपरी तर नाहीच. गाडी खाली ठेवून कुरणातून चढायचं. पाऊस होऊन गेला असेल तर बूटच घाला. गुडघे धरलेल्यांना जड जाईल. माझी आई कुरकुरत, दर फाटकाशी टेकत चढली.

वर आठ खांबांवर पांढरा संगमरवरी घुमट. वानवडीच्या शिंदे छत्रीसारखं कोरीवकाम डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पण मुद्दा घुमटाचा नाहीच, पुढ्यातल्या तीन दगडी चौथऱ्यांचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना इथे अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली. छत्री १९२१ ची, मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांच्या आराखड्याची. नावांची भिंत मात्र २०१० ची! संगमरवर आधी, माणसं नंतर.

तरी यांना अग्नी तरी मिळाला. माझे पणजोबा त्याच युद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), कुतच्या वेढ्यात गेले. ना रक्षा आली ना तारीख. गावी दर्भाचा पुतळा करून दहन केलं आणि तिथी ठाऊक नाही म्हणून आजही सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतो. तिथल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, नुसता आकडा.

आईच्या पिशवीतून तिळाची पुडी निघाली. माझ्या हातावर तीळ ठेवून बाटलीतलं पाणी ओतत म्हणाली, "अंगठ्याकडून सोड. मामंजींच्या वडलांचं नाव घे, मग या सगळ्यांचं." मी म्हटलं, "अगं, हे आपले कोण?" "कुणाचे तरी असतीलच ना!" हरकत घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

उतरल्यावर रॉयल पॅव्हिलियन बघा. तिकीट महाग आहे, पण त्या राजवाड्याचं तेव्हा रुग्णालय केलं होतं, त्याचं छोटं दालन चुकवू नका. जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. आई खूश, "म्हणजे सोवळं पाळलं की!" सरकारला पुण्य नको होतं, १८५७ नंतर धर्म बाटल्याची बोंब गावोगाव जायला नको होती. पण मरणाऱ्याला आणि घरच्यांना त्याचा आधार झालाच असेल.

मुसलमान शिपायांचं दफन वोकिंगला, शाहजहान मशिदीजवळ झालं. तिथे आता बाग आहे, ती वेगळ्या दिवशी करा. छत्रीवर दरवर्षी जूनमध्ये मानवंदना असते, जमलं तर तेव्हाच जा. पाणी मात्र खालूनच भरून न्या, वर नळ नाही.